अलंकार कुणाचे, बाध कुणाचा?

शाळेत अलंकार शिकवले जातात ते व्याकरणाच्या तासाला, गुणांपुरते. ‘मुख कमलासारखे’ ही उपमा आणि ‘मुखकमल’ हे रूपक. उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द ही चार अंगे विद्यार्थी पाठ करतो. पण उपमान कुणाच्या अनुभवविश्वातून आले, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नपत्रिकेत येत नाही.

दलित कवितेने उपमाने बदलली, असे म्हणून प्रस्थापित समीक्षा थांबते. कमळ, चंद्र, चातक गेले आणि गटार, उकिरडा, भाकरी आली, एवढीच तिची नोंद. हे अर्धसत्य आहे. खरा प्रश्न असा की, एखादा शब्द अलंकारिक आहे हे ठरवायचे कुणी?

संस्कृत काव्यशास्त्राने याचा नियम सांगितला आहे. मम्मटाच्या मते लक्षणेची पहिली अट म्हणजे मुख्यार्थबाध. ‘गंगेवर गवळीवाडा’ म्हटले की प्रवाहावर वाडा बसू शकत नाही. मुख्यार्थ अडतो, म्हणून ‘गंगा’ म्हणजे गंगेचा काठ असा अर्थ घ्यायचा. नियम चोख आहे. तोच आपण आपल्या साहित्याला लावून पाहू.

वामन निंबाळकरांचा संग्रह ‘गावकुसाबाहेरील कविता’ (१९७३). ‘गावकुसाबाहेर’ हे एकाकीपणाचे प्रतीक आहे, असे वर्गात सहज सांगितले जाते. पण इथे मुख्यार्थाला बाध कुठे येतो? गावाला कूस होती आणि वस्ती तिच्या बाहेर होती. बाध शब्दात नाही, तो वाचकाच्या अनुभवात आहे. जे आपण भोगले नाही ते प्रतीक, आणि जे सोसवत नाही ती अतिशयोक्ती, अशी ही पांढरपेशी सोय आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’चेही (१९७२) तेच. नरकाचे रूपक म्हणून ते नाव वाचण्याआधी तो मुंबईतला खरा परिसर आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

याचा अर्थ दलित लेखक अलंकार वापरत नाही, असा नव्हे. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) हे शीर्षक पाहा. चोरी दुसऱ्याच्या वस्तूची होते. इथे माणूस स्वतःचीच जात लपवतो आणि चोर ठरतो. इथे मुख्यार्थ खरोखर मोडतो आणि त्या मोडण्यातूनच आरोप उभा राहतो : माणसाला स्वतःच्याच ओळखीचा चोर करणारी ही व्यवस्था कोणती? दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबद्दल पिकातून मिळणारा वाटा. आणि जन्माबरोबर पदरात पडलेले दुःख, हाही वाटाच. पहिला अर्थ ठाऊक नसेल तर दुसरा पोकळ होतो.

‘पाणी म्हणजे जीवन’ हे वाक्य रूपकाचे उदाहरण म्हणून द्यायला सोपे आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा ते पाणी आधी पाणी होते. ते समतेचे प्रतीक झाले, कारण ते पाणी म्हणून नाकारले गेले होते.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. बाबासाहेब म्हणजे सूर्य, हे रूपक प्रथम आले तेव्हा त्यात अंधार भोगलेल्यांची जाणीव होती. आज जयंतीच्या कवितांतून सूर्य, वादळ, निखारा हे शब्द सवयीने येतात. चंद्र-कमळाच्या साच्याला नकार देणाऱ्यांनी स्वतःचा साचा पाडावा, हे विद्रोहाला शोभणारे नाही.

म्हणून शिक्षक मित्रांना एवढेच सांगणे आहे. ‘हा कोणता अलंकार?’ हे विचारण्यापूर्वी ‘हे कुणाच्या बाबतीत शब्दशः खरे आहे?’ असे विचारा. वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी मान खाली घालील. उत्तर तिथे असेल. त्या मुलाकडून ते सर्वांसमक्ष वदवून मात्र घेऊ नका.