लाल किल्ल्यातील बराकी आणि फर्ग्युसनची तक्रार

दिल्लीच्या लाल किल्ल्यात १८५७ नंतर झालेल्या विध्वंसाची चर्चा निघाली, की जेम्स फर्ग्युसनचा १८७६ चा ग्रंथ प्रमाण म्हणून पुढे केला जातो. पाडणाऱ्यांनी राजवाड्याचा साधा नकाशाही काढून ठेवला नाही, ही त्याची तक्रार रास्तच होय. परंतु हानीचे खरे स्वरूप तीत पुरते व्यक्त होत नाही. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरविली (मराठी अभ्यासकाने हे सांगताना संकोचू नये), तरी त्यात गेला तो अलंकार. रचना अबाधित राहिली. लष्करी छावणी व तिच्या बराकी यांच्यासाठी मात्र चौक, जनानखान्याचे महाल व बागा नाहीशा झाल्या. दिवाण-इ-आमच्या अंगणाभोवतीच्या कमानदार ओवऱ्या गेल्यामुळे ते सभागृह आज मोकळ्या मैदानातील एकाकी मंडपासारखे भासते. एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेणारा क्रमच तुटला, आणि शहाजहानच्या या वास्तूचा प्राण त्या क्रमात होता.

म्हणून बराकीही पाडाव्यात, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. २००३ मध्ये लष्कराने किल्ला सोडला. २०१९ मध्ये काही बराकींत संग्रहालये उघडली. वास्तू म्हणून त्या ओबडधोबडच आहेत. परंतु जेत्याने राजवाड्याकडे कोणत्या दृष्टीने पाहिले, हे त्यांच्याइतके स्पष्ट सांगणारे दुसरे साधन किल्ल्यात नाही.