नगरोद्यानांतील पक्षी व त्यांचे छायाचित्रकार

ग्रंथांचें परीक्षण करण्याची चाल आपल्याकडे चांगली रूढ झाली आहे. चित्रांच्या प्रदर्शनांवरही टीकालेख येतात. परंतु पक्ष्यांचीं जीं छायाचित्रें हल्लीं दररोज असंख्य प्रसिद्ध होतात, त्यांच्याकडे टीकाकाराच्या दृष्टीनें पाहण्याचें फारसें कोणी मनावर घेतलेलें दिसत नाहीं. 'सुंदर', 'अप्रतिम' अशा एकदोन शब्दांत त्यांची बोळवण होते. ज्या कलेवर इतके लोक इतका वेळ आणि पैसा खर्च करितात, तिला याहून अधिक आदरानें वागविलें पाहिजे. आणि आदरानें वागविणें म्हणजे तिचे गुणदोष मोकळेपणानें सांगणें, असें आम्ही समजतों. म्हणून मुंबईसारख्या महानगराच्या बागांतून चाललेल्या पक्षिनिरीक्षणाचा व पक्षिचित्रणाचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे. घनदाट अरण्यांतील चित्रणाचा प्रश्न निराळा आहे. त्यांत आम्ही शिरत नाहीं.

कोणत्याही कलेचें मोल ठरवितांना हाताशीं एखादें माप असावें लागतें. आम्ही तें माप म्हणून एक जुनें इंग्रजी पुस्तक घेतों. 'एहा' या टोपणनांवानें लिहिणारे एडवर्ड हॅमिल्टन एट्‌किन यांचें 'द कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे' हें पुस्तक १९०० सालीं निघालें. एहा यांचा जन्म १८५१ सालीं साताऱ्यास झाला. त्यांची नोकरी जकात व मीठ खात्यांतली. आणि १८८३ सालीं ज्या आठ गृहस्थांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली, त्यांपैकीं ते एक होत. पुस्तकाच्या नांवांतील 'कॉमन' हा शब्द फार अर्थपूर्ण आहे. दुर्मिळ, देखण्या, दूरदेशच्या पाखरांची हकीकत सांगण्याची प्रतिज्ञा येथें केलेली नाहीं. खिडकींतून डोकावलें किंवा बागेंत फेरी मारली असतां जे पक्षी सहज नजरेस पडतात, त्यांची नीट ओळख करून देणें एवढाच ग्रंथकाराचा हेतु आहे.

हा हेतु त्यांनीं ज्या रीतीनें साधला आहे, ती आजही अभ्यासण्याजोगी आहे. पक्ष्याच्या पिसांचा हिशेब देऊन ते थांबत नाहींत. तो चालतो कसा, भांडतो कसा, कोणत्या वेळीं कोठें बसतो, हें सांगतात, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढें पक्ष्याबरोबर शहरही उभें राहतें. दोष नाहींत असें नव्हे. लेखकाची भूमिका सुखवस्तु साहेबाची आहे. बंगल्याचें आवार हेंच त्याचें जग, आणि त्या आवाराबाहेरचा मुंबईकर त्यांत ओझरता येतो. विनोदाच्या भरांत पांखरांना माणसांचे स्वभाव चिकटविण्याची खोडही त्यांस आहे. परंतु जें रोज दिसतें तें लक्षपूर्वक पाहण्याच्या योग्यतेचें आहे, ही त्यांची श्रद्धा इतकी खरी आहे कीं, हे दोष वाचक सहज सोसतो.

या श्रद्धेची किंमत किती होती, तें पुढच्या काळानें दाखवून दिलें. एहांच्या मुंबईंत गिधाड हा नित्याचा पक्षी होता. १९९० नंतरच्या थोड्या वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना वेदनाशमनार्थ देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध मृत जनावराच्या मांसांतून गिधाडाच्या पोटांत जाऊन त्याचें मूत्रपिंड निकामी करितें, हें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं जनावरांसाठीं त्या औषधास भारतांत बंदी झाली. तोंवर आकाश रितें झालें होतें. कोणत्याही पक्ष्याचें 'सामान्य' असणें ही त्याच्या अंगची कायमची खूण नाहीं. ती एका काळाची स्थिति आहे, आणि ती पालटतांना पाहणारा कोणी नसेल, तर पालटल्याचें कळतही नाहीं. नगरोद्यानांतील पक्षिनिरीक्षणाचें खरें कार्य आमच्या मतें येथें सुरू होतें.

सलीम अली यांच्या आयुष्याची सुरवातही अशाच एका साध्या पांखरापासून झाली, हें प्रसिद्ध आहे. १९०८ सालीं त्यांनीं छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. नेहमींच्या चिमणीहून ती वेगळी कां, हा प्रश्न घेऊन तो मुलगा सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे गेला. पुढें १९४१ सालीं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' हें त्यांचें पुस्तक निघालें व अनेक पिढ्यांच्या हातीं खेळलें. त्या प्रसंगांतील बंदूक आज आपणांस रुचणार नाहीं. पण नेहमींच्या वस्तूंत वेगळेपण टिपणारी नजर मात्र आपण गमावतां कामा नये.

बंदुकीची जागा कॅमेऱ्यानें घेतली, हा निःसंशय लाभ होय. ई. एच. एन. लोथर यांचें 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' हें पुस्तक १९४९ सालचें. सलीम अलींचे स्नेही व सिंगापूरचे चित्रपट-व्यावसायिक लोक वान थो यांचा 'अ कंपनी ऑफ बर्ड्‌स' हा चित्रसंग्रह १९५७ सालचा. आमच्या विषयास सर्वांत जवळचें पुस्तक मात्र तिसरेंच आहे. दिल्लींत ब्रिटिश हायकमिशनर असलेले माल्कम मॅक्डोनाल्ड यांनीं आपल्या बंगल्याच्या बागेंतील पक्ष्यांवर 'बर्ड्‌स इन माय इंडियन गार्डन' हें पुस्तक १९६० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतील छायाचित्रें क्रिस्टिना लोक यांचीं आहेत. राजधानीच्या मध्यावरची एक बाग, तेथें घरटीं करणारीं ओळखीचीं पांखरें, आणि त्यांच्या संसाराचा क्रमानें दिलेला वृत्तांत! येथें लेख आणि चित्र एकमेकांवांचून अपुरे वाटतात. त्या काळीं फिल्म मोजकी, भिंगें जड, आणि पक्षी जवळ येईपर्यंत लपणांत तासन्‌तास बसून राहणें भाग होतें. या सक्तीनें छायाचित्रकाराला पक्ष्याची दिनचर्या शिकविली. मात्र त्या काळाची आरती ओवाळण्याचा आमचा विचार नाहीं. चित्रणाचा सारा भर तेव्हां घरट्यावर असे, आणि घरट्याजवळ माणसाचा असा वावर पिलांच्या जिवावर बेतूं शकतो, ही जाणीव आज अधिक तीव्र झाली आहे. ती आजच्या पिढीची कमाई होय.

आजच्या पिढीच्या पदरीं आणखीही पुण्य आहे. पूर्वीं हा छंद अधिकाऱ्यांचा व धनिकांचा होता. आज रविवारीं सकाळीं राणीच्या बागेंत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत गळ्यांत दुर्बीण अडकवून हिंडणाऱ्यांत विद्यार्थी, कारकून, गृहिणी, सारेच असतात. छायाचित्रामुळें ओळखींतली चूक दुसऱ्यास दाखवितां व सुधारतां येते. २००२ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या 'ई-बर्ड' या नोंदवहीवर आज भारतांतून विपुल नोंदी होतात. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' या नांवाच्या २०२३ सालच्या अहवालांत ९४२ जातींचा आढावा घेतलेला असून, तो ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटींवर नोंदींच्या आधारें सिद्ध झाला आहे. हौशी माणसांच्या डोळ्यांनीं एवढें शास्त्रीय काम उभें राहावें, ही गोष्ट लहान नव्हे.

एवढें श्रेय देऊन झाल्यावर आमचा आक्षेप आम्ही स्पष्ट शब्दांत मांडतों. नोंदवहींत शहर आहे. छायाचित्रांत तें नाहीं. नगरोद्यानांत काढलेलीं शंभर चित्रें घेऊन बसा. बहुतेकांत एक उघडी काटकी, तिच्यावर बाजूनें दिसणारा पक्षी, डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका, आणि मागें हिरव्या रंगाचा मऊ, धूसर पडदा! पिसें न्‌ पिसें मोजून घ्यावें इतका रेखीवपणा असतो. पण हा दयाळ राणीच्या बागेंतला कीं भरतपूरचा, हें चित्रावरून सांगतां येत नाहीं. लांब पल्ल्याच्या भिंगानें पक्षी जवळ आणला आणि त्याचें ठिकाण पुसून टाकलें. कुंपणाची जाळी, विजेची तार, माळ्यानें झाडून काढलेली जमीन, शेजारच्या उंच इमारती, यांच्यामधूनच तो पक्षी आपलें पोट भरतो. परंतु तें सर्व 'चित्र बिघडविणारें' म्हणून बाहेर ठेविलें जातें.

यावर असें उत्तर येईल कीं, कला म्हणजे निवड. व्यक्तिचित्र काढणारा चित्रकार तरी सारें घर कोठें रंगवितो? हें उत्तर आम्हांस अर्धें मान्य आहे. एखाद्यानें विचारपूर्वक पार्श्वभूमि वगळली, तर ती निवड होय. पण हजारों जण एकच गोष्ट एकाच रीतीनें वगळूं लागले, म्हणजे निवड संपते आणि वहिवाट सुरू होते. शिवाय या वहिवाटीचा परिणाम चित्रापुरता राहत नाहीं. ठिकाणाला किंमत नसली कीं पक्ष्याच्या दुर्मिळतेलाच सारी किंमत येते. पावसाळ्याच्या तोंडाशीं मुंबईच्या झाडींत नवरंग उतरतो; तो दिसल्याची वार्ता पसरतांच त्याच्याभोंवतीं गर्दी जमते, आणि कांहीं जण ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला उघड्यावर ओढतात. कोठें अळ्यांचें आमिष मांडून पक्ष्यास ठरलेल्या काटकीवर बसविलें जातें. अशा चित्रांत पक्षी खरा असतो, प्रसंग मात्र रचलेला असतो. आणि तसें चित्राखालीं कोणी लिहीत नाहीं. साहित्यांत यास आपण वाङ्मयचौर्याच्या शेजारचा अपराध मानूं.

रोहित पक्ष्यांच्या चित्रांचें उदाहरण या बाबतींत उद्बोधक आहे. ठाण्याच्या खाडीचा भाग २०१५ सालीं रोहित-अभयारण्य म्हणून जाहीर झाला व २०२२ सालीं त्यास रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. या पक्ष्यांच्या चित्रांत शहर येतें, हें खरें. गुलाबी थवा आणि मागें मनोऱ्यांची रांग. पण तें येतें शोभेच्या पडद्यासारखें. ज्या चिखलांत तें सारें अन्न आहे, तो चिखल चित्राच्या तळाशीं कापलेला असतो. पक्षी सर्वांस ठाऊक आणि चिखल कोणासच नाहीं, अशी स्थिति झाली म्हणजे, चिखल भरून काढण्याची योजना पुढें आल्यास तिच्याविरुद्ध साक्ष द्यावयास चित्र उपयोगी पडत नाहीं.

हाच प्रश्न प्रत्येक लहानमोठ्या बागेचा आहे. तांबट पक्षी वठलेल्या, मऊ झालेल्या फांदींत भोंक पाडून घर करितो. दयाळ जमिनीवर उतरून किडे टिपतो. नवरंगाला वाळक्या पानांचा थर उलथावयास लागतो. शिंपी रुंद पानें शिवून घरटें बांधतो. बाग 'स्वच्छ' करण्याच्या उत्साहांत वठलेली फांदी तोडली जाते, पाचोळा झाडला जातो, झुडपें कातरून चौकोनी केलीं जातात. तांबटाच्या तांबड्या कपाळाचें हुबेहुब चित्र या फांदीचा बचाव करूं शकत नाहीं. भोंकासकट, फांदीसकट काढलेलें, तारीख व बागेचें नांव खालीं लिहिलेलें साधें चित्र तो करूं शकतें. घरट्याची नेमकी जागा मात्र पिलें उडून जाईपर्यंत गुप्त ठेवावी. येथें मौन हाच प्रामाणिकपणा होय. माहीमच्या खाडीजवळ, मिठी नदीच्या कांठीं, कचऱ्याच्या जुन्या डेपोवर उभारलेलें महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ सालीं खुलें झालें. उकिरड्याची झाडी कशी झाली आणि तिच्यांत कोणता पक्षी कोणत्या क्रमानें आला, हें चित्रांतून सांगणें किती मोठ्या योग्यतेचें काम झालें असतें!

आणि चिमणी? २०२० सालच्या अहवालानें असें दाखविलें कीं, देशभराचा विचार करितां चिमणी मागील २५ वर्षांत साधारण स्थिर आहे, पण महानगरांत तिची संख्या घटत आहे. म्हणजे जेथें कॅमेरे सर्वांत अधिक, तेथेंच ती ओसरत गेली. तिचें चित्र काढण्यास कोणासही लपणांत बसावें लागलें नसतें. म्हणूनच कदाचित्‌ तें काढावेंसें वाटलें नाहीं.

आपल्या भाषेपुरतें एक बोलणें अवश्य आहे. मराठीला पक्ष्यांच्या नांवांची श्रीमंती आहे: वेडा राघू, खंड्या, हळद्या, कोतवाल, धोबी, पिंगळा. यांतलें प्रत्येक नांव कोणीतरी रोजच्या पाहण्यांतून दिलेलें आहे. मारुती चितमपल्ली यांनीं ही नांवें वेंचून पक्षिकोश सिद्ध केला व अरण्याचें वाङ्मय मराठींत आणलें. २०२५ सालीं ते निवर्तले. अरण्यानें आपला लेखक मिळविला. शहराच्या बागांनीं अजून तितक्या तोलाचा मिळविलेला नाहीं. आजच्या छायाचित्रांखालीं हीं मराठी नांवेंही क्वचितच दिसतात. चित्रकार आणि लेखक एकत्र येऊन एकाच बागेवर, एका वर्षाच्या सहा ऋतूंवर, केवळ सामान्य पक्ष्यांचें एक पुस्तक काढतील, तर सव्वाशे वर्षांपूर्वींच्या एहांस तें उत्तर होईल आणि पुढच्या सव्वाशे वर्षांस दस्तऐवज. असें पुस्तक निघाल्यास त्याचें परीक्षण या पृष्ठांतून आम्ही आनंदानें करूं; आणि त्यांतील कावळ्याचें चित्र आधीं उघडून पाहूं.