खेकड्याचा श्लेष

चीनच्या साम्यवादी पक्षाने २००४ मध्ये ‘सुसंवादी समाज’ हे आपले ध्येय म्हणून घोषित केले. हू जिंताओ यांच्या कारकीर्दीत ‘हश्ये’, म्हणजे सुसंवाद, हा शब्द सरकारी वाङ्मयात इतका घोटला गेला की लोकांनी त्याचे क्रियापद करून टाकले. आंतरजालावरील एखादे लिखाण नियंत्रकांनी पुसून टाकले की ते ‘सुसंवादित झाले’ असे म्हटले जाऊ लागले. हा उपरोधही सुरक्षित राहिला नाही, तेव्हा सुसंवादाच्या जागी नदीतला खेकडा आला. दोन्ही शब्दांत भेद आहे तो केवळ दुसऱ्या अक्षराच्या सुराचा. शिवाय तिरका चालणारा खेकडा हे चिनी भाषेत दांडगाईचे जुनेच प्रतीक असल्याने श्लेषाला अर्थाचीही साथ मिळाली. पुढे या खेकड्याच्या अंगावर तीन घड्याळे चढविण्यात आली. ‘घड्याळ घालणे’ आणि ‘प्रतिनिधित्व’ हे चिनीत जवळजवळ समोच्चारी शब्द असून जिआंग झेमिन यांच्या ‘तीन प्रतिनिधित्वां’च्या सिद्धांताची ती थट्टा होती.

२००९ च्या आरंभी या खेकड्याला प्रतिस्पर्धी मिळाला. ‘त्साव्-नी-मा’, म्हणजे गवत-चिखल-घोडा. चित्रांत हा काल्पनिक प्राणी अल्पाकासारखा दिसतो. तो वाळवंटात राहतो आणि खेकड्यांशी लढतो. सूर बदलून उच्चार केल्यास त्याचे नाव आईवरून दिलेली शिवी होते. त्याच्यावर बालगीताच्या वळणाचे गाणेही रचले गेले.

हे सारे पोरकट आहे असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकाने तरी तसे करू नये. पर्यायी शब्द घातल्यास जो नष्ट होतो तो शब्दश्लेष, ही मम्मटाची कसोटी येथे तंतोतंत लागू पडते. परंतु एक अडचण उरते. काव्यातील श्लेषाचा विचार करताना वैदिक स्वरभेद गणनेत घेऊ नये, असा संकेत आपल्या आलंकारिकांनी मानला. संस्कृतात तो चालून गेला, कारण बोलण्यातून ते स्वर केव्हाच लुप्त झाले होते. चिनीत सूर हा अर्थभेदक आहे. तेथे सुराकडे दुर्लक्ष करणे म्हणजे ऐकणाऱ्याने जाणूनबुजून चुकीचे ऐकणे होय, आणि असे ऐकणारा कटात आपोआप सामील होतो. खेकड्याच्या विनोदाची खरी ताकद या अपुरेपणातच आहे.

या श्लेषाला कळफलकानेही हातभार लावला, ही गोष्ट टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. चिनी मजकूर बहुधा रोमन अक्षरांनी उच्चार लिहून टंकित केला जातो. त्यात सूर सहसा दर्शविला जात नाही. एकच अक्षरमालिका टंकित केली की सुसंवाद आणि खेकडा पर्याय म्हणून शेजारी शेजारी उभे राहतात. कवीने जी जोडी हुडकून काढावयाची, ती यंत्रच पुढे करते. उलट, शब्द गाळणारे यंत्र चिन्ह पाहते, ध्वनी ऐकत नाही. एका यंत्राने दिलेली युक्ती दुसऱ्या यंत्राला चकविण्यासाठी वापरली गेली.

तथापि तिला सांकेतिक भाषा समजणे चूक ठरेल. खेकड्याचा अर्थ नियंत्रकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. येथे लपविण्यापेक्षा दुसऱ्याला अडचणीत आणण्याचा भाग अधिक आहे. घोड्याच्या नावावर बंदी घालावयाची तर अधिकाऱ्याला आपल्याच पत्रकात एका निरुपद्रवी प्राण्याचे नाव लिहावे लागते. २०१४ मध्ये प्रसारण व प्रकाशन यांचे नियमन करणाऱ्या सरकारी खात्याने नभोवाणी, दूरचित्रवाणी व जाहिराती यांत म्हणींची व शब्दांची मोडतोड करण्यास मनाई केली, आणि कारण दिले भाषाशुद्धीचे व मुलांच्या हिताचे. ज्या देशात नववर्षाला मासा वाढतात तो ‘मासा’ आणि ‘शिल्लक’ यांचा उच्चार एक म्हणून, तेथे हा हुकूम निघावा!

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. या स्वातंत्र्यगीताच्या मुळाशी स्त्रीची विटंबना आहे. सत्तेला उत्तर द्यावयाचे, आणि अपमान मात्र कुणाच्या तरी आईचा करावयाचा, हे घोड्याचे वैगुण्य कोणत्याही राजकीय प्रयोजनाने झाकले जात नाही. त्या मानाने त्याच काळातील ‘बेइ’ या कर्मणी प्रयोगाच्या अव्ययाचा उपयोग कितीतरी श्रेष्ठ. २००९ मध्ये काही पदवीधरांना असे आढळले की त्यांच्या शिक्षणसंस्थांनी त्यांना कागदोपत्री नोकरीला लावून टाकले आहे. ते ‘नोकरी केले गेले’. अकर्मक क्रियेला कर्मणी रूप देणारी ही व्याकरणाची मोडतोड मराठीत आणावयाची तर प्रयोजकाचा आधार घ्यावा लागतो आणि डंख बोथट होतो. तिच्यात शिवी नाही, प्राणी नाही. फक्त कर्त्याचे कर्तृत्व काढून घेतले आहे.

चित्रकार-शिल्पकार आय वेइवेइ यांनी या लोकविनोदाला कलेच्या दालनात नेले. २००९ च्या छायाचित्रात ते नग्नावस्थेत उडी मारताना दिसतात. मध्यभाग कापडी घोड्याने झाकला आहे. चित्राच्या वर्णनाचा उत्तरार्ध, ‘मध्यभाग झाकणारा’, हा ‘पक्षाची केंद्रीय समिती’ या पदाशी सुरासकट जुळतो. पूर्वार्ध ओढून आणलेला आणि उत्तरार्ध बिनचूक, ही योजना चांगल्या शाहिराला शोभणारी आहे. त्यांचे चिनी मातीचे तीन हजारांवर खेकडे मात्र २०१५ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडले गेले, तेव्हा ते कारागिरीपुरते उरले. ज्याला चिनी येत नाही त्याला शेजारची पाटी वाचावी लागते, आणि पाटी वाचून समजलेला श्लेष हसवीत नाही.

शांघायमधील मेजवानीची गोष्ट निराळी. स्थानिक अधिकाऱ्यांच्याच निमंत्रणावरून बांधलेला आय वेइवेइ यांचा स्टुडिओ बेकायदेशीर ठरवून पाडण्याचा हुकूम निघाला. तेव्हा त्यांनी ७ नोव्हेंबर २०१० रोजी तेथे नदीतील खेकड्यांच्या भोजनाचे खुले आमंत्रण आंतरजालावरून दिले. त्यांना स्वतःला बीजिंगमध्ये घरात अडकवून ठेवण्यात आले, तरी शेकडो माणसे जमली. यजमान नसलेल्या घरी त्यांनी सुसंवादाचा जयघोष करीत खेकडे फोडून खाल्ले. ११ जानेवारी २०११ रोजी स्टुडिओ जमीनदोस्त करण्यात आला.