लपविलेलें धन आणि उघडी जकात

अर्थशास्त्रावरील ग्रंथ म्हटला कीं सामान्य सुशिक्षित वाचक त्यास दुरूनच नमस्कार करतो, आणि त्यांत दोष सर्वस्वी वाचकाचाच असतो असें नाहीं. गाब्रिएल झुकमन या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचा 'द हिडन वेल्थ ऑफ नेशन्स' हा लहानसा ग्रंथ मात्र या नियमास अपवाद आहे. मूळ फ्रेंच ग्रंथ २०१३ सालीं निघाला. त्याचें इंग्रजी भाषांतर तोमा पिकेटी यांच्या प्रस्तावनेसह शिकागो विद्यापीठानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलें. धनिक लोक आपला पैसा परदेशांत कसा लपवितात, तो किती आहे, आणि तो उघडकीस आणण्यासाठीं राष्ट्रांनीं काय करावें, असे तीन प्रश्न ग्रंथकारानें घेतले आहेत. पहिल्या दोहोंचीं उत्तरें आम्हांस मोलाचीं वाटतात. तिसऱ्याचें उत्तर जितकें धीट तितकेंच वादग्रस्त आहे, आणि प्रस्तुत लेखांत मुख्य विचार त्याचाच करावयाचा आहे.

जी वस्तु लपविलेलीच आहे ती मोजावी कशी? ग्रंथकाराची युक्ति मोठी मार्मिक आहे. एखाद्या फ्रेंच गृहस्थानें स्विस पेढीमार्फत अमेरिकन कंपनीचे शेअर घेतले, तर अमेरिकेच्या हिशेबांत ते परकीयांचें देणें म्हणून नोंदले जातात. स्वित्झर्लंडच्या हिशेबांत ते येत नाहींत, कारण तें त्या देशाचें धन नव्हे. आणि फ्रान्सच्या हिशेबांतही येत नाहींत, कारण फ्रान्सला त्यांचा पत्ताच नसतो. सर्व राष्ट्रांच्या वह्या एकत्र मांडल्या म्हणजे देणें अधिक आणि येणें कमी, असा चमत्कार दिसूं लागतो. ही तूट म्हणजे लपविलेल्या धनाची पडलेली सावली होय. तिच्यावरून, आणि स्विस मध्यवर्ती बँकेच्या आंकड्यांच्या आधारें, जगांतील कुटुंबांच्या आर्थिक संपत्तीपैकीं सुमारें ८ टक्के भाग, म्हणजे २०१३ च्या अखेरीस ७.६ लाख कोटी डॉलर, अशा आश्रयस्थानीं होता असा अंदाज तो बांधतो. स्वित्झर्लंडचा १९३४ चा गुप्ततेचा कायदा छळ झालेल्या यहुदी लोकांच्या रक्षणार्थ झाला, ही पेढीवाल्यांची आवडती दंतकथाही त्यानें मोडून काढली आहे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्यें श्रीमंतांवरील कर वाढले तेव्हांच, म्हणजे त्या कायद्याच्या पूर्वींच, हा ओघ सुरू झाला होता.

आतां तिसरा प्रश्न. करचुकव्यांस आश्रय देणारें राष्ट्र शेजाऱ्यांचें उत्पन्न चोरतें. मग शेजाऱ्यांनीं तें नुकसान जकातीच्या रूपानें कां वसूल करूं नये, असें ग्रंथकार विचारतो. जर्मनी, फ्रान्स आणि इटली यांनीं मिळून स्विस मालावर ३० टक्के जकात बसविली, तर गुप्तता राखण्यांत जें मिळतें त्याहून व्यापारांत अधिक जाईल, आणि स्वित्झर्लंड निमूटपणें वह्या उघडील, असें त्याचें गणित आहे. गुप्तता ही एक प्रकारची छुपी सरकारी मदतच असल्यामुळें अशी जकात जागतिक व्यापाराच्या नियमांतही बसते, असें तो म्हणतो. खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते हें वाचून दचकतील. परंतु माल आणि पैसा यांना सीमा मोकळ्या आणि कर वसूल करणाऱ्यास मात्र त्या बंद, या स्थितीला खुला व्यापार म्हणावें काय, हा त्याचा प्रश्न सहज उडवून लावण्यासारखा नाहीं.

या प्रश्नाची कसोटी पाहावयाची तर अमेरिका आणि पनामा यांच्या व्यापारी कराराकडे वळावें. हा करार २००७ सालीं झाला, पण त्यास अमेरिकन काँग्रेसची संमति मिळण्यास २०११ चा ऑक्टोबर उजाडला. १९२७ च्या कंपनी-कायद्यापासून पनामा हें नाममात्र कंपन्यांचें माहेरघर होतें. ज्याच्या हातीं भागपत्र तोच मालक, अशी तेथील सोय होती. सिनेटर बर्नी सँडर्स यांनीं सभागृहांत आक्षेप घेतला कीं, ज्या देशाचें वार्षिक उत्पादन अवघें २६.७ अब्ज डॉलर, त्याच्याशीं करार केल्यानें अमेरिकन कामगारांस काम मिळेल हें संभवनीय नाहीं. लाभ होईल तो करचुकव्यांचा. समर्थकांचें उत्तर तयार होतें: पनामानें २०१० च्या नोव्हेंबरांत कराविषयीं माहिती देण्याचा स्वतंत्र करार केला आहे, आणि तो या व्यापारी कराराच्या आशेनेंच केला आहे. प्रतिनिधिगृहांत ३०० विरुद्ध १२९ आणि सिनेटमध्यें ७७ विरुद्ध २२ मतांनीं करार संमत झाला.

झुकमनच्या दृष्टीनें पाहिलें तर अमेरिकेनें हातांतील शस्त्र अल्प मोलानें देऊन टाकलें. मागितल्यास माहिती देऊं, एवढेंच पनामानें कबूल केलें; पण ज्याचें नांवच ठाऊक नाहीं त्याची माहिती मागावी कोणी? २०१६ च्या एप्रिलांत मोसाक फोन्सेका या पनामांतील वकिली पेढीचे १ कोटि १५ लक्ष कागद बाहेर फुटले, दोन लाखांवर कंपन्यांचा तपशील उजेडांत आला, आणि आइसलंडच्या पंतप्रधानांस पायउतार व्हावें लागलें, तेव्हां या प्रश्नाचें मर्म सर्वांस कळलें. तथापि न्यायासाठीं हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या कंपन्यांपैकीं निम्म्याहून अधिक पनामाच्या नव्हत्या. त्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर नोंदलेल्या होत्या. आणि अमेरिकेचें स्वतःचें डेलावेअर राज्य नाममात्र कंपन्यांच्या बाबतींत कोणास हार जाणारें नाहीं.

येथेंच ग्रंथकाराच्या उपायांतील उणीव दिसते. जकात हें बलवंताचें शस्त्र आहे. तीन मोठीं राष्ट्रें मिळून स्वित्झर्लंडला वांकवूं शकतील; अमेरिकेवर जकात कोण बसविणार? ज्या देशानें दुसऱ्याच्या सोयीसाठीं ठरविलेली जकात सोसली आहे, त्यास हें विशेष जाणवावें. १८९६ सालीं लँकेशायरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवतांना तितकाच कर हिंदी गिरण्यांच्या कापडावरही लादण्यांत आला होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत, अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळीं सारखेच लागू पडतात ही समजूत खोडून काढली होती. तो इशारा खुल्या व्यापाराच्या भक्तांस जसा लागू आहे, तसा जकातीच्या नव्या भक्तांसही आहे.

शिवाय घाव कोणावर पडतो हेंही पाहिलें पाहिजे. मॉरिशसचें उदाहरण आपल्या जवळचें आहे. तेथें ऊंसाच्या मळ्यांवर मजुरीस गेलेल्यांचे मराठी वंशजही नांदतात. १९८२ च्या करारान्वयें मॉरिशसमार्गें आलेल्या भांडवलाच्या विक्रीनफ्यावर हिंदुस्थानास कर घेतां येत नसे, आणि मॉरिशस तो घेत नसे. २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही व्यवस्था वैध ठरविली. २०१६ च्या मे महिन्यांत करार बदलला, आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांवर कर घेण्याचा हक्क हिंदुस्थानास मिळाला. त्यानंतर, २०२१ सालीं, दोन्ही देशांत व्यापारी करार झाला. आधीं कर, मग व्यापार, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. पण त्याला चौतीस वर्षें लागलीं, हेंही विसरतां येत नाहीं. तरीही त्या बेटाच्या साखरेवर वा कापडावर जबर जकात बसविली असती, तर पोर्ट लुईचे हिशेबनीस सुखरूप राहिले असते आणि शिक्षा भोगली असती ती मळ्यांतील व गिरण्यांतील माणसांनीं.

या दृष्टीनें अमेरिकेच्याच २०१० च्या कायद्याची योजना अधिक नेमकी आहे. तेथेंही दंड ३० टक्क्यांचाच, पण तो माहिती न देणाऱ्या पेढीच्या अमेरिकेंतील मिळकतीवर. घड्याळजी व गवळी त्यांतून सुटतात. त्यापुढें अनेक राष्ट्रांनीं न मागतां माहिती देण्याची पद्धति स्वीकारली. स्वित्झर्लंडकडून हिंदुस्थानासही ती २०१९ पासून मिळूं लागली. स्वतः अमेरिका त्या सामाईक पद्धतींत सामील झाली नाहीं, हा या कथेंतील उपहास होय. झुकमन ज्या युरोपीय संस्थेचे संचालक, तिच्याच २०२३ च्या अहवालांत, श्रीमंतांची ही करचोरी दहा वर्षांत सुमारें एकतृतीयांशावर आली असें म्हटलें आहे. म्हणजे ग्रंथांतील निराशेस ग्रंथकाराच्याच पुढील कामानें बरेंचसें उत्तर दिलें आहे.

ग्रंथांत इतर दोषही आहेत. लक्झेंबर्गवरील टीका इतकी तीव्र आहे कीं त्या देशाची बाजू वाचकाच्या कानीं पडतच नाहीं. आणि गरीब राष्ट्रांतून जाणाऱ्या धनाचा विचार कोष्टकांपलीकडे फारसा जात नाहीं. पण अशा ग्रंथाची किंमत त्यांतील उपायावरून ठरवूं नये. कर ही सरकार आणि धनिक यांच्यांतील खासगी कुरबूर नव्हे; जो पगारदार आपला कर पगारांतूनच कापून देतो, त्याच्याच माथीं दुसऱ्याचा चुकविलेला वांटा बसतो, ही गोष्ट ग्रंथकारानें आंकड्यांनीं आणि सोप्या भाषेंत पटवून दिली आहे. व्यापाराच्या करारांची कलमें वाचण्याचा कंटाळा नागरिकांस परवडणारा नाहीं, एवढें जरी वाचकाच्या मनावर ठसलें तरी ग्रंथ सफल झाला असें म्हणावें लागेल. त्याचें मराठी भाषांतर कोणी जाणत्यानें मनावर घ्यावें, अशी आमची शिफारस आहे.