सोन्याची अळी

बोटाच्या पेरावर मावेल एवढी सोन्याची अळी. अंग वळलेलं, डोळ्यांच्या जागी बारीक लाल खडे, मागे मालकाचं नाव कोरलेलं. कोसळत्या विमानातून छत्रीच्या आधारानं जो जिवंत उतरला, त्याला पॅराशूट बनवणारे लेस्ली अर्विन ही पिन देत.

आकाशात उडणाऱ्यांसाठी चिन्ह निवडायचं तर गरुड सुचतो, पंख सुचतात. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी आमच्या पनवेलजवळच्या नव्या धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ उतरलं, तेव्हा आमचेही डोळे पंखांवरच खिळले होते. या पिनेनं मात्र अळी निवडली! पावसाळ्यात अंगणातल्या झाडाखालून जाताना अशी अळी अचानक नाकासमोर झुलते. धागा दिसत नाही. ती नुसती हवेत थांबलेली. छत्री तेव्हा रेशमाची असे, म्हणून रेशमाचा किडा. आणि धाग्यानं सावकाश खाली येणं हाही अळ्यांचाच गुण. पराक्रमाची पदकं पुष्कळ आहेत. पडणं इतक्या मोकळेपणानं मान्य करणारं दुसरं मी पाहिलेलं नाही. सोनं शांत आहे, डोळे तेवढे जागे.

२० ऑक्टोबर १९२२. अमेरिकेत डेटन शहरावर लष्करी वैमानिक हॅरल्ड हॅरिस यांचं विमान थरथरून मोडू लागलं. उडी घेतल्यावर ते घाईत मांडीच्या पट्ट्याचीच कडी ओढत राहिले. छत्री उघडणारी खरी कडी हाती लागली तोवर जमीन अंगावर आली होती. छत्री उघडली आणि ते उतरले एका घरच्या द्राक्षाच्या मांडवात. अळीनं पानांत उतरावं तसे.

मला मात्र इथे मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर आठवतात. जून १९१८मध्ये ते ब्रिटिशांकडून लढताना फ्रान्समध्ये पडले; हँगार्डच्या दफनभूमीत आहेत. तेव्हा बलूनमधल्या टेहळ्यांना छत्री होती, ब्रिटिश विमानांतल्या वैमानिकांना नव्हती. त्यांच्या हवाई दलात ती रुळली १९२५नंतर. जून १९२६मध्ये पेंटलँड नावाचा तरुण तिच्यामुळे वाचला. मधल्या वर्षांत, युद्ध संपलेलं असताना, नुसत्या सरावात पोरं जात राहिली. १९३३च्या एप्रिलमध्ये कराचीला भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, तोवर छत्री नेहमीच्या सामानात आली होती.

रेशमासाठी कोसले उकळत्या पाण्यात टाकतात. आतला जीव बाहेर येत नाही. चोवीस फुटी छत्रीत अशा किती कोसल्यांचा धागा असेल! पिनेवरची अळी अजून कोसल्यात गेलेली नाही.