वस्तादाविना व्यायाम : घरगुती व्यायामग्रंथांचा एक परामर्श

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे आजच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात आहे. १६०८ साली जन्मलेल्या या संताच्या नावाशी महाराष्ट्राने बलोपासनेची परंपरा जोडली आणि गावोगावी मारुतीच्या देवळाशेजारी तालीम उभी राहिली. त्या तालमीत पुस्तक नव्हते, वस्ताद होता. नव्या मुलाला किती जोर काढू द्यायचे, कोणाच्या बैठका आज थांबवायच्या, कोणाला खुराक कमी पडतो, हे तो पाहून ठरवी. व्यायामविद्या अशी डोळ्यांतून आणि हातांतून पुढे जात असे.

परंतु ही तालीम सर्वांची नव्हती. स्त्रियांना तिचा उंबरठा बंद होता. वृद्धांना आणि आजाऱ्यांना तेथे काम नव्हते. आज जालना शहरात जिम आहेत. तथापि अंबड, भोकरदन किंवा परतूरकडच्या खेड्यातील गृहिणीला, निवृत्त शिक्षकाला अथवा दिवसभर दुकानात बसणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांचा उपयोग क्वचितच होतो. अशांच्या हाती येते ते पुस्तक. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने दिला. डॉक्टर ‘व्यायाम करा’ एवढेच सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतात आणि ‘कोणता, किती, कसा’ हे प्रश्न घरी येतात. म्हणून व्यायामाच्या पुस्तकाची निवड ही केवळ हौसेची बाब राहिलेली नाही. वाङ्मयीन नियतकालिकांनी मात्र या ग्रंथप्रकाराकडे समीक्षेच्या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही.

या ग्रंथांना लावावयाचा आमचा निकष एकच आहे. पुस्तकाला डोळे नसतात. वाचकाचा गुडघा वाकडा पडला, श्वास कोंडला, कंबर खचली, तरी छापील पान त्याला हटकत नाही. जे पुस्तक आपली ही उणीव ओळखते आणि स्वतःकडे पाहण्याची दृष्टी वाचकालाच देते, ते घरी वापरण्यास योग्य. जे ही उणीव विसरून केवळ उत्साह वाटते, ते कितीही देखणे असले तरी धोक्याचे.

मराठीत या विषयावरील सर्वांत भव्य काम म्हणजे दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’. १९३६ ते १९४९ या काळात त्याचे १० खंड निघाले. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्ती, लाठी अशा देशी व्यायामप्रकारांची एवढी साक्षेपी नोंद अन्यत्र मिळणे कठीण. प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात हा कोश असावा, असे आम्हांस मनापासून वाटते. परंतु कोश हा कोशच. तो ‘काय काय आहे’ हे सांगतो; ‘तू आज कोठून सुरुवात कर’ हे सांगणे त्याचे काम नव्हे. घरी व्यायाम करू इच्छिणाऱ्याने त्याचा आदर करावा; सकाळी उठून त्याच्या आधारे दंड मारू नयेत.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची गोष्ट वेगळी. त्यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळांत नेले, स्वतः नेमाने घातले आणि त्यांवर ग्रंथ लिहिले. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले. या ग्रंथाचे मोठे गुण दोन. पहिला असा की, साधन लागत नाही. सतरंजीएवढी जागा पुरते. दुसरा असा की, क्रम ठरलेला आहे, त्यामुळे वाचकाला रोज नवे काही शोधावे लागत नाही आणि संख्या हेच प्रगतीचे माप होते. स्त्रियांनाही हा व्यायाम खुला आहे, हे राजेसाहेबांनी आग्रहाने मांडले. त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. त्यांनी नमस्कारांना बीजमंत्रांच्या उच्चाराची जोड दिली आहे. ज्या वाचकाच्या श्रद्धेत ती बसत नाही, त्याने शरीराची हालचाल आणि श्वासाचा क्रम तेवढा घेतला तरी स्नायूंना मिळणारा व्यायाम कमी होत नाही. मात्र या लेखनात दीर्घायुष्याच्या आणि रोगमुक्तीच्या आश्वासनांना जेवढी जागा मिळते, तेवढी ‘येथे थांबा’ या शब्दांना मिळत नाही. दुखऱ्या मनगटाच्या किंवा पाठीच्या वाचकाने हा उत्साह जपूनच घ्यावा.

सावधगिरीची भाषा योगाच्या ग्रंथांत अधिक आढळते. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद यांनी आसनांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याचा मार्ग धरला. त्यांच्या ‘आसने’ या ग्रंथावर त्या शिस्तीचा ठसा आहे : पूर्ण अभ्यासक्रम वेगळा, छोटा वेगळा आणि साधकासाठी सूचना व इशारे वेगळे. बी. के. एस. अय्यंगार यांचा १९६६ साली इंग्रजीत निघालेला व मराठीत ‘योगदीपिका’ म्हणून वाचला जाणारा ग्रंथ याच्याही पुढे जातो. दोनशे आसने, सुमारे सहाशे छायाचित्रे, प्रत्येक आसनाच्या काठिण्याचा १ ते ६० असा अंक आणि शेवटी ३०० आठवड्यांचा क्रम. सुमारे सहा वर्षांचा हा धीर व्यायामाच्या ग्रंथात विरळा.

तरीही दोन गोष्टी नोंदविणे आवश्यक आहे. छायाचित्रांतील देह खुद्द लेखकाचा, म्हणजे दशकानुदशके कसलेला आहे. पन्नाशीच्या वाचकाने त्याला आरसा मानू नये. आणि परिशिष्टातील व्याधिनिहाय आसनांची यादी ही घरी एकट्याने वापरण्याची गोष्ट नव्हे. शीर्षासन आणि सर्वांगासन तर रक्तदाब, मानेचे दुखणे किंवा काचबिंदू असणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्याविना करूच नयेत.

परदेशी पुस्तकांकडेही पाहिले पाहिजे. डेन्मार्कच्या म्युलर यांनी १९०४ साली रोजच्या १५ मिनिटांची पद्धत मांडली आणि घरगुती व्यायामाला जगभर वाचक मिळवून दिला. पुढे कॅनडाच्या हवाई दलासाठी पुरुषांकरिता ११ मिनिटांचे ५ व्यायाम आणि स्त्रियांकरिता १२ मिनिटांचे १० व्यायाम अशा दोन छोट्या पुस्तिका तयार झाल्या. त्यांच्या तक्त्यांत आमचा निकष उत्तम रीतीने उतरतो. वयानुसार पायरी ठरलेली. ठरल्या वेळेत ठरलेली संख्या झाल्याविना वर चढायचे नाही. जणू वस्तादाची नजर तक्त्यात बसविली आहे. परंतु त्यांतील पाय सरळ ठेवून उठण्याचा व्यायाम आज पाठीच्या दृष्टीने हिताचा मानला जात नाही. तात्पर्य, जुन्या पुस्तकाची रचना घ्यावी. त्यातील प्रत्येक व्यायाम घ्यावाच असे नाही.

आता आमच्या मराठवाड्यातील घराचा विचार करू. आजकाल बाजारात येणारी गुळगुळीत कागदाची पुस्तके बाक, डंबेल्स आणि गालिचा यांनी सजलेल्या खोलीत घडतात. येथे दोन खोल्यांचे, पत्र्याचे छप्पर असलेले, शहाबादी फरशीचे घर असते. मे महिन्यात उन्हाचा पारा चाळिशीपलीकडे जातो. म्हणजे ‘सायंकाळी पाच वाजता जोमाने उड्या मारा’ ही सूचना येथे अविचाराची ठरते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहर टँकरवर अवलंबून होते. व्यायामानंतर यथेच्छ स्नान करण्याचा सल्ला त्या वर्षी थट्टेसारखा वाटला असता. साडी नेसलेल्या, सासऱ्यांसमोर वावरणाऱ्या स्त्रीने कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या पोषाखात व्यायाम करावा, याचे उत्तर फार थोडी पुस्तके देतात. जे पुस्तक भिंत, खुर्ची, पायरी आणि जमीन एवढ्याच साहित्यावर उभे राहते, ते आमच्या घरात टिकते.

दुकानात पुस्तक हाती घेतल्यावर वाचकाने मुखपृष्ठावरील पिळदार देहाकडे पाहू नये. मधले पान उघडावे आणि पाहावे : पहिल्या आठवड्यात नेमके काय करावयाचे ते लिहिले आहे काय? आज पाच बैठका झाल्या, तर सहावी कधी घालावी, हे सांगितले आहे काय? न जमणाऱ्यासाठी सोपा पर्याय आहे काय? चुकीची स्थिती कशी ओळखावी, हे दाखविले आहे काय? छातीत दुखले, चक्कर आली, सांधा ठणकला, तर थांबण्याची आज्ञा आहे काय? आणखी एक माप जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिले आहे. प्रौढांसाठी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि किमान २ दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी यांखेरीज ३ दिवस तोल सांभाळण्याचा सराव. एकच पुस्तक हे सारे देईल असे नाही. उरलेला भाग चालण्याने भरून काढता येतो, आणि त्यासाठी पुस्तकाची गरज नाही. तीस दिवसांत कायापालटाचे वचन देणारे पुस्तक मात्र निःसंकोच परत ठेवावे.

ग्रंथालयातून पुस्तक आणून पंधरा दिवस ते चालवून पाहावे आणि मगच विकत घ्यावे. या पंधरा दिवसांत वाचक पुस्तकाची परीक्षा घेतो, तसेच पुस्तकही त्याच्या नेमाची परीक्षा घेते. महिना उलटल्यावर पुस्तक कपाटात गेले, पण त्यातील पाच व्यायाम अंगात राहिले आणि आज कोठे थांबायचे हे आपले आपल्याला कळू लागले, तर त्या पुस्तकाने वस्तादाचे काम केले असे खुशाल समजावे.