कर्नलसाहेबांचा प्रश्न

आम्हां भुसावळकरांना आगगाडीचे अप्रूप ते काय! तरीही मनोहर माळगावकरांच्या ‘अ बेंड इन द गँजेस’ (१९६४) मधली फाळणीची गाडी वाचताना मी पुस्तक मिटून बसलो होतो.

माळगावकर मूळचे बेळगावकडचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. पुढे कादंबऱ्या लिहिल्या त्या इंग्रजीत. वर्तमानपत्रांतून राजकारणावर परखड लिहिले. निवडणुकीला उभे राहून पडलेही.

त्यांचे मत स्वच्छ आहे : अहिंसेच्या घोषाने हिंसा टळली नाही. कादंबरी उघडते तीच विलायती कपड्यांच्या होळीने. तेथे गांधीजींचा अनुयायी झालेला ग्यान पुढे भावाच्या खुनाचा सूड कुऱ्हाडीने उगवतो.

एवढेच असते, तर तो एक लांबलेला अग्रलेख झाला असता. परंतु शस्त्राचा मार्ग धरणारा देबीदयाळही शेवटी त्या गाडीत जमावाच्या तावडीत सापडून मरतो. आणि दुबळा ग्यान सुंदरीसाठी पेटलेल्या गावात परत जातो! सैनिकाने विचारलेल्या प्रश्नाला कादंबरीकाराने सोपे उत्तर दिले नाही. मला त्यांचे मोठेपण येथेच दिसते.

२०१० साली ते निवर्तले. वाचकहो, ही कादंबरी अवश्य वाचा. मात्र फराळ आटोपल्यावर!